घरातल्या गमतीजमतींतून रोजचं इंग्रजी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोजच्या वापराचे इंग्रजी शब्द हवे असतील तर घरातले हलकेफुलके व्हिडिओ बघा, असं मी सांगत आले आहे. तेव्हापासून तेच ते प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतात. त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहून ठेवते आहे. घाईत असाल तर आधी प्रश्न ७ आणि ८ वाचा. निम्म्या शंका तिथेच सुटतात.

१. कौटुंबिक व्हिडिओ म्हणजे नेमके कोणते?

ज्यांत घरातली माणसं घरातलंच काहीतरी करताना दिसतात, ते. मुलांना उठवताना उडालेली धांदल, बाबांनी मुलीची वेणी घालायचा केलेला प्रयत्न, आजोबा आणि नातवाची शर्यत, धाकट्याने लपवलेला मोजा. कुणी सहज मोबाइलवर टिपलेलं असेल, कुणी ठरवून छोटं प्रहसन केलेलं असेल. दोन्ही चालतात. निवडताना मी एवढंच बघते, की बोललेला शब्द आणि डोळ्यांसमोर घडणारी गोष्ट बरोबरच येतात का. आई "होल्ड स्टिल" म्हणते तेव्हा वळवळणारं डोकं दिसायला हवं. सोफ्यावर बसून कुणी अर्धा तास नुसतं बोलत असेल, तर तो व्हिडिओ कितीही छान असला तरी सुरुवातीला नको. संगीतात बोलणं बुडालेले आणि दर दोन सेकंदांनी दृश्य बदलणारे तुकडेही नकोत.

मुलांना घाबरवून किंवा रडवून हसवणारे व्हिडिओ मी कधीच सुचवत नाही. त्यांत शिकण्यासारखे शब्दही नसतात, नुसत्या किंकाळ्या असतात.

२. नुसते व्हिडिओ बघून इंग्रजी येईल का?

समजायला लागेल, बोलता येईलच असं नाही. १९८०च्या दशकात स्टीफन क्रॅशन या अमेरिकी भाषातज्ज्ञांनी मांडलं, की आपल्याला कळेल पण आपल्या पातळीहून किंचित वरचं असेल, अशा बोलण्यातून भाषा अंगात मुरते. घरगुती व्हिडिओ या कामाला उत्तम, कारण न कळलेला शब्द समोरच्या दृश्यातून कळतो. पण १९८५ साली मेरिल स्वेन यांनी कॅनडातल्या शाळांमधल्या अभ्यासावरून दुसरी बाजू दाखवली. तिथली मुलं वर्षानुवर्षं फ्रेंचमधून शिकत होती, त्यांना ऐकलेलं छान कळत होतं, तरी बोलताना ती अडत होती. स्वतः वाक्य जुळवायची वेळ आल्याशिवाय आपल्याला काय येत नाही हेही कळत नाही. मला दोघांचंही म्हणणं पटतं. बघा भरपूर, पण त्यातलं थोडं तरी तोंडाने म्हणा. कसं, ते प्रश्न १३ मध्ये आहे.

३. माझं इंग्रजी अगदी कच्चं आहे. किती शब्द पाठ केले म्हणजे भागेल?

पाठांतराने सुरुवात करू नका, पण आकडा माहीत असलेला बरा. मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली शिकणाऱ्यांसाठी सर्वांत उपयोगी इंग्रजी शब्दांची यादी काढली. तिच्यात सुमारे २,००० मूळ शब्द होते. २०१३ मध्ये तिची नवी आवृत्ती म्हणावी अशी यादी आली, ती सुमारे २,८०० शब्दांची आहे. हे शब्द सगळीकडे पुन्हापुन्हा भेटतात, म्हणून त्यांच्यावर घेतलेली मेहनत लवकर फळते. उलट बोलण्यातलं जवळपास सगळं, म्हणजे शंभरातले ९८ शब्द कळायचे असतील, तर ६,००० ते ७,००० शब्दकुटुंबं लागतात, असा पॉल नेशन यांचा २००६ सालचा अंदाज आहे. शब्दकुटुंब म्हणजे 'हेल्प', 'हेल्पर', 'हेल्पफुल' असा एका मुळातून निघालेला गोतावळा.

आकडा बघून धास्तावू नका. घरात लागणारे शब्द यापेक्षा कितीतरी कमी आहेत, आणि बादली, चमचा, उशी, टॉवेल यांची नावं तुम्हाला बहुतेक येतातच. अडतं ते क्रियापदांपाशी. 'पिलो' येतं, पण 'उशी पालथी कर', 'उशीला अभ्रा घाल' हे येत नाही. म्हणून वहीत नुसती नामं लिहू नका, वस्तूबरोबर तिचं काय केलं तेही लिहा.

४. सबटायटल लावू की नको? लावले तर मराठी की इंग्रजी?

इंग्रजी लावा, पण दुसऱ्यांदा बघताना. पहिल्यांदा काहीच न लावता बघा आणि चित्रावरून अंदाज बांधा. दुसऱ्यांदा इंग्रजी अक्षरं लावून कानाने काय गाळलं ते शोधा. तिसऱ्यांदा परत अक्षरं बंद. मराठी सबटायटल लावले की डोळे मराठी वाचतात आणि कान आराम करतात. गोष्ट कळते, शब्द हाती लागत नाही.

एक सावधगिरी हवी. यूट्यूबवर २००९ पासून आपोआप तयार होणारी सबटायटल्स आहेत. दोन माणसं एकदम बोलली, कुणी हसत हसत बोललं किंवा बोलणारं मूल बोबडं असलं, की ती हमखास चुकतात, आणि घरगुती व्हिडिओत हे तिन्ही असतं. अक्षरं आणि दृश्य जुळत नसेल तर दृश्यावर विश्वास ठेवा.

५. रोज किती वेळ बघायचं? एक व्हिडिओ किती वेळा?

तासभर नवे नवे व्हिडिओ बघण्यापेक्षा तीन मिनिटांचा एकच व्हिडिओ आठवड्यात चारदा बघा. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवर केलेले प्रयोग छापले. अर्थहीन अक्षरगट पाठ करून तो किती लवकर विसरतो हे त्याने मोजलं होतं. विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त असतो आणि पुढे मंदावतो, असं त्यात दिसलं. अंतर ठेवून केलेली उजळणी एका बैठकीतल्या रट्ट्यापेक्षा टिकते, हेही त्यानेच दाखवलं. म्हणून आज, उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, असा क्रम ठेवा. एका व्हिडिओतून पाचच शब्द उचला. बाकीचे सुटले तरी चालतील, ते दुसऱ्या घरात पुन्हा भेटणारच आहेत.

६. ते इतकं भराभर बोलतात, की माहीत असलेले शब्दही ओळखू येत नाहीत. माझ्या कानात दोष आहे का?

नाही. आपण इंग्रजी शब्द सुटे सुटे शिकलो, ते लोक मात्र जोडून बोलतात. 'पिक इट अप' हे तीन शब्द कानावर 'पिकिटप' असे एकच येतात. 'गिव्ह मी'चं 'गिमी' होतं, 'लेट मी'चं 'लेमी', 'गोइंग टू'चं 'गॉना', 'डोन्ट नो'चं 'डनो', 'व्हॉट आर यू डुइंग'चं 'व्हॉच्या डुइन'. अमेरिकी बोलण्यात दोन स्वरांच्या मधला 'ट' मऊ होऊन 'ड'कडे झुकतो, म्हणून 'पुट इट ऑन' हे 'पुडिडॉन'सारखं ऐकू येतं. आपणही 'काय करतो आहेस'चं 'काय करतोयस' करतोच की.

त्यातच इंग्रजीत 'ए', 'द', 'टू', 'ऑफ' असे छोटे शब्द पार दाबून उच्चारतात. आपल्याकडे वाक्यातल्या प्रत्येक अक्षराला साधारण सारखा वेळ मिळतो, म्हणून आपण ते छोटे शब्द ऐकायची वाट बघत बसतो आणि तोवर वाक्य संपलेलं असतं. जोर दिलेल्या शब्दांवरच कान ठेवा.

वेग ०.७५ वर आणून ऐका. त्याखाली गेलात तर आवाज ओढल्यासारखा होतो आणि शब्दांची जोडणी बिघडते. संगणकावर यूट्यूब बघत असाल तर डावा बाण दाबला की पाच सेकंद मागे जाता येतं. त्या बाणाची सवय करून घ्या. एकच वाक्य सहा वेळा ऐकल्यावर ते अचानक सुटं होऊन कानात पडतं, तो क्षण फार आनंदाचा असतो.

७. पडलं, सांडलं, फुटलं यांना इंग्रजीत काय म्हणायचं? मी सगळीकडे 'फॉल' म्हणतो आणि चुकतं.

या प्रश्नावर मी मनापासून वेळ देते, कारण गमतीच्या व्हिडिओंत निम्मं काही ना काही पडतच असतं.

वस्तू आपली आपण पडली तर 'इट फेल'. हातातून सुटली तर 'आय ड्रॉप्ड इट'. कोपर लागून ग्लास आडवा झाला तर 'आय नॉक्ड इट ओव्हर'. आतलं दूध बाहेर आलं तर 'द मिल्क स्पिल्ड'. ओल्या फरशीवरून पाय गेला तर 'स्लिप्ड', खेळण्याला अडखळलं तर 'ट्रिप्ड ओव्हर'. माणूस उभ्याचा आडवा झाला तर 'फेल डाउन' किंवा 'फेल ओव्हर', पलंगावरून खाली आला तर 'फेल ऑफ द बेड'. मराठीत आपण 'पडलो' एवढंच म्हणून कसं पडलो ते पुढे सांगतो. इंग्रजीत ते क्रियापदातच येतं.

आता खरी गंमत. आपण म्हणतो, "माझ्या हातून ग्लास फुटला." फुटला ग्लास, मी बिचारा बाजूला. इंग्रजीत मोठ्या माणसाने 'आय ब्रोक द ग्लास' असं सरळ म्हणायचं असतं. 'फ्रॉम माय हँड द ग्लास ब्रोक' असं कुणी बोलत नाही. पण लहान मुलं तिथेही पळवाट काढतात. चार वर्षांचं पोर तुकड्यांकडे बघत म्हणतं, "इट ब्रोक." आई कमरेवर हात ठेवून विचारते, "डिड इट ब्रेक, ऑर डिड यू ब्रेक इट?" मूल थोडा वेळ गप्प, आणि मग बारीक आवाजात, "आय ब्रोक इट." एकच क्रियापद, कर्ता बदलला की जबाबदारी बदलते. हा फरक व्याकरणाच्या पुस्तकात पानभर समजावूनही डोक्यात शिरत नाही. ते दृश्य एकदा बघितलं की विसरत नाही.

करून बघायचं असेल तर असा कुठलाही व्हिडिओ सांडण्याच्या क्षणी थांबवा आणि तीन वाक्यं म्हणा: काय झालं, कुणी केलं, आता काय करायचं. 'द मिल्क स्पिल्ड. ही नॉक्ड इट ओव्हर. लेट्स वाइप इट अप.'

८. 'काढणे', 'लावणे', 'घालणे' यांना एकेक इंग्रजी शब्द सांगाल का?

एकेक शब्द नाहीच, आणि तो शोधण्यातच आपण चुकतो. 'काढ' घ्या. बूट काढ, 'टेक ऑफ'. दप्तरातून वही काढ, 'टेक आउट'. चित्र काढ, 'ड्रॉ'. फोटो काढ, 'टेक'. केर काढ, 'स्वीप'. साल काढ, 'पील'. नखं काढ, 'कट'. चेंडूतली हवा काढ, 'लेट द एअर आउट'. आपल्या एका क्रियापदाच्या जागी तिथे आठ जण उभे आहेत. 'लाव'चंही तसंच: दार लाव म्हणजे 'शट', दिवा लाव म्हणजे 'टर्न ऑन', क्रीम लाव म्हणजे 'पुट ऑन', गजर लाव म्हणजे 'सेट', रोप लाव म्हणजे 'प्लांट', गाडी लाव म्हणजे 'पार्क'.

'बंद कर' तर रोजच फसवतं. दार, खिडकी, डोळे, पुस्तक यांना 'शट' किंवा 'क्लोज'. नळ, दिवा, टीव्ही, पंखा यांना 'टर्न ऑफ'. 'क्लोज द लाइट' हे मराठीतून उचललेलं आहे.

कपड्यांच्या बाबतीत 'पुट ऑन' म्हणजे अंगावर चढवण्याची क्रिया आणि 'वेअर' म्हणजे अंगावर असणं. मूल दारात धडपडत मोजा चढवत असतं तेव्हा ते 'पुटिंग ऑन' करत असतं. मोजा घालून घरभर फिरायला लागलं की 'वेअरिंग'. मराठीत 'घालतोय' आणि 'घातलाय' असा फरक आपण करतोच. इंग्रजीत तो दोन वेगळ्या शब्दांनी होतो, इतकंच.

म्हणून वहीत मराठी शब्दासमोर इंग्रजी शब्द लिहू नका. पान दोन भागांत वाटा. डावीकडे दृश्य लिहा ("बाबा ओले बूट काढताहेत"), उजवीकडे ऐकलेलं आख्खं वाक्य.

९. एका व्हिडिओत 'डायपर' आणि दुसऱ्यात 'नॅपी'. बरोबर कोणतं?

दोन्ही. पहिलं अमेरिकी, दुसरं ब्रिटिश. तसंच नळाला अमेरिकेत 'फॉसेट', ब्रिटनमध्ये 'टॅप'. कचऱ्याला 'ट्रॅश' आणि 'रबिश'. विजेरीला 'फ्लॅशलाइट' आणि 'टॉर्च'. समजायला दोन्ही हवेत, बोलायला एक निवडा. मात्र 'पँट्स' जपून वापरा. अमेरिकेत ती विजार असते, ब्रिटनमध्ये आतला कपडा.

१०. लहान मुलं 'रन'चं 'रन्ड' आणि 'फूट'चं 'फूट्स' करतात. चुकीचं इंग्रजी कानावर पडून माझंही बिघडेल का?

बिघडणार नाही, उलट कान तयार होतील. जीन बर्को यांनी १९५८ साली मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून त्याचं नाव 'वग' सांगितलं. मग दोन प्राणी दाखवून वाक्य पुरं करायला लावलं. कधीच न ऐकलेल्या शब्दाला मुलांनी बिनचूक 'वग्झ' असं अनेकवचन लावलं. म्हणजे मुलं ऐकलेलंच परत म्हणत नाहीत, नियम पकडतात आणि कधीकधी तो सगळीकडे लावतात. मूल 'फूट्स' म्हणतं तेव्हा नियम त्याला कळलेला असतो, अपवाद कळायचा असतो. मोठं माणूस बहुतेक वेळा लगेच बरोबर रूप म्हणून दाखवतं: "येस, युअर फीट आर वेट!" ते उत्तर टिपा. शिकायचं ते मोठ्यांच्या तोंडचं, आणि मोठी माणसं लहानांशी बोलताना सावकाश, स्पष्ट आणि तेच तेच परत बोलतात, हा आपला फायदा.

११. 'टमी', 'बूबू', 'जॅमीज', 'नाइट-नाइट' हे शब्द आपण वापरावेत का?

लहान मुलांशी बोलताना जरूर. हे आपल्या 'भूभू', 'पापा', 'गाई गाई'सारखे शब्द आहेत. डॉक्टरांना मात्र 'माय टमी हर्ट्स' सांगू नका, 'स्टमक' म्हणा. व्हिडिओत शब्द कोण कुणाला म्हणतंय, हे शब्दाशेजारी एका अक्षराने लिहून ठेवा: 'ल' म्हणजे लहानांशी, 'म' म्हणजे मोठ्यांत, 'द' म्हणजे दोन्हीकडे. 'बडी', 'स्वीटी', 'हनी' ही हाकही घरापुरतीच. अनोळखी माणसाला मारायची नाही.

१२. सगळे हसतात आणि मला विनोदच कळत नाही.

बहुतेक वेळा शब्द कळलेले असतात, सूर निसटलेला असतो. भिंतभर रंगाचे फराटे बघून बाबा हळूच म्हणतात, "ग्रेट. जस्ट ग्रेट." किंवा, "नाइस जॉब." शब्द कौतुकाचे आहेत, आवाज मात्र खाली उतरलेला आणि चेहरा सपाट. खरं कौतुक असतं तेव्हा आवाज वर चढतो. अशी वाक्यं आवाज बंद करून नुसता चेहरा बघत आणि मग चेहरा न बघता नुसतं ऐकत, अशी दोन्हीकडून तपासा.

उद्गारही असेच शिकायचे. काही बिघडणार हे दिसलं की 'अह-ओह', आपल्याकडून बारीकशी चूक झाली की 'ऊप्स', किळस आली की 'यक', लागलं की 'आऊच'. 'अह-ओह' आणि 'ऊप्स' लोक एक समजतात, पण पहिला दुसऱ्याच्या गोंधळावरही चालतो, दुसऱ्यात चूक बहुतेक आपली असते.

१३. शब्द समजतात, पण वेळेवर तोंडातून बाहेर पडत नाहीत. काय करू?

आवाज बंद करा आणि व्हिडिओतल्या माणसांच्या वतीने तुम्ही बोला. आधी मोडकंतोडकं, मग मूळ ऐकून, मग पुन्हा. दुसरं, स्वतःच्या घरात हात चालतील तसं तोंड चालवा. कपड्यांच्या घड्या घालताना 'आय'म फोल्डिंग द टॉवेल', शर्ट उलटा दिसला तर 'इट्स इनसाइड आउट'. कुणी ऐकत नसलं तरी मोठ्याने. मनात म्हटलेलं वाक्य नेहमीच सोपं वाटतं, जीभ वळवल्यावरच अडचण कळते.

एका आजींचं उदाहरण सांगते. परदेशातली नातवंडं फक्त इंग्रजी बोलायची, त्यामुळे व्हिडिओ कॉलवर आजी नुसत्या हसायच्या. त्यांनी लपाछपीचे चारपाच व्हिडिओ महिनाभर पुन्हापुन्हा बघितले आणि आठच वाक्यं तोंडात बसवली: 'रेडी ऑर नॉट', 'आय सी यू', 'माय टर्न', 'युअर टर्न', 'नो पीकिंग', 'व्हेअर डिड यू गो', 'यू गॉट मी', 'वन मोअर टाइम'. पुढच्या कॉलवर नातू पडद्यामागे लपला आणि आजींनी "आय सी यू!" म्हटलं. तो खेळ पाऊण तास चालला. आठ वाक्यांवर.

१४. माझ्या दीड वर्षांच्या बाळाला हे व्हिडिओ दाखवले तर ते इंग्रजी शिकेल का?

नका दाखवू. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली छापलेल्या अभ्यासात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना मँडरिन चिनी ऐकवली होती. ज्यांच्यासमोर माणूस बसून खेळत बोलला, ती बाळं त्या भाषेतले आवाज ओळखायला शिकली. तेच बोलणं ज्यांनी पडद्यावर पाहिलं, ती काहीच शिकली नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शनातही दोन वर्षांखालच्या मुलांना पडद्यासमोर बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको, असंच सांगितलं आहे. व्हिडिओ तुम्ही बघा आणि त्यातला खेळ बाळाशी तुम्ही खेळा. थोड्या मोठ्या मुलांबरोबर शेजारी बसून, मध्ये थांबवत, "आता काय होईल?" असं विचारत बघा.

१५. मामा, काका, आत्या, मावशी यांचं इंग्रजी कसं करायचं?

सगळे मामा-काका 'अंकल', सगळ्या आत्या-मावश्या 'आंट'. फरक सांगणं भागच असेल तर 'माय मॉम्स ब्रदर' असं फोडून सांगतात. चुलत, मामे, आते, मावस भावंडं सगळी 'कझिन'. 'कझिन ब्रदर' हे आपल्याकडचं इंग्रजी आहे, त्या व्हिडिओंत ते तुम्हाला ऐकू येणार नाही.

१६. हे घरगुती इंग्रजी मुलाखतीत चालेल का?

तिथली भाषा वेगळी, तिचा सराव वेगळा करा. पण 'पिक अप', 'रन आउट ऑफ', 'फिगर आउट', 'क्लीन अप' ही क्रियापदं कार्यालयातही तीच असतात. टाळायचे ते प्रश्न ११ मधले 'ल'वाले शब्द आणि 'गिमी', 'डनो' यांसारखी रूपं. ती ऐकून कळली म्हणजे पुरे.

१७. शब्दकोशातला अर्थ व्हिडिओत बसतच नाही. 'गो ऑफ' म्हणजे बंद होणं ना? मग गजर 'वेंट ऑफ' झाल्यावर सगळे जागे कसे झाले?

फार छान पकडलंत. दिवा 'वेंट ऑफ' म्हणजे विझला. गजर 'वेंट ऑफ' म्हणजे वाजायला लागला. ब्रिटिश घरात दूध 'गॉन ऑफ' म्हणजे नासलं. आणि कुणी न सांगता रागारागाने 'वेंट ऑफ' म्हणजे निघून गेला. असे जोडशब्द नेहमी कर्त्यासकट टिपा: काय 'गो ऑफ' झालं? 'थ्रो अप'चंही असंच आहे. चेंडू वर फेकला तर 'ही थ्रू द बॉल अप', पण नुसतं 'ही थ्रू अप' ऐकलं आणि घरातले सगळे फडकं शोधायला धावले, तर मुलाला उलटी झाली आहे.